सार्वजनिक पैशातलं संशोधन कंपनीला देताना सही होण्याआधी काय मागून घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सार्वजनिक विद्यापीठातल्या गटाने पूर्णपणे सरकारी अनुदानातून एक रक्तचाचणी शोधली आहे. नवजात बाळाच्या रक्तातला जंतुसंसर्ग ती काही तास आधी ओळखते. एका कंपनीला या चाचणीचे जगभरातले, सगळ्या उपयोगांचे, पेटंटची मुदत संपेपर्यंतचे हक्क एकटीसाठी हवे आहेत. गटातले काही जण म्हणतात, लोकांच्या पैशातून झालंय, सगळं प्रसिद्ध करा आणि मोकळं सोडा. बाकीचे म्हणतात, कंपनी आली नाही तर हे कागदावरच राहील. यातलं बरोबर काय?

मी बरीच वर्षं विद्यापीठांच्या बाजूने असे करार बसवण्याचं काम करते आहे. तुमच्या गटातल्या दोन्ही बाजूंची काळजी मला खरी वाटते. पण कंपनीला द्यायचं की नाही एवढ्यावर लोकांचं हित ठरत नाही. ते करारातल्या पाच-सहा कलमांवर ठरतं, आणि ती कलमं घालून घेण्याची ताकद तुमच्या हातात सही होईपर्यंतच असते. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

मोकळं सोडणं कधी योग्य, ते आधी पाहू. ते योग्य असूनही अनेकदा केलं जात नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत मिनेसोटा विद्यापीठाने जाहीर केलं, की आपल्या ‘गोफर’ या इंटरनेट प्रणालीच्या व्यावसायिक वापरासाठी शुल्क घेतलं जाईल. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्न या युरोपातल्या भौतिकी संशोधन संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी विनाशुल्क खुलं केलं. तेव्हा लोकप्रिय होतं ते गोफर, पण थोड्याच वर्षांत ते मागे पडलं. शुल्क हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, तरी विकसकांच्या मनात धास्ती बसायला तेवढी घोषणा पुरली. मानवी जनुकसंचाच्या सार्वजनिक प्रकल्पातलंही असंच. १९९६ मध्ये बर्म्युडाच्या बैठकीत ठरलं, की वाचलेला क्रम २४ तासांच्या आत सगळ्यांना खुला करायचा. सेलेरा या खासगी कंपनीने वाचलेली काही जनुकं मात्र जास्तीत जास्त दोनेक वर्षं तिच्या अटींखाली राहिली. अर्थतज्ज्ञ हायडी विल्यम्स यांनी नंतर दोन्हींची तुलना केली, तेव्हा सेलेराकडे अडकलेल्या जनुकांवरचं पुढचं संशोधन आणि त्यातून निघालेल्या चाचण्या २० ते ३० टक्क्यांनी कमी दिसल्या. अटी उठल्यानंतरही ही तूट भरून निघाली नव्हती.

म्हणून सॉफ्टवेअर, डेटा, मोजमापाच्या पद्धती, प्रयोगशाळेत साधन म्हणून लागणारे पेशी-प्राणी-रेणू अशा गोष्टींच्या बाबतीत मी डोळे झाकून ‘मोकळं सोडा’ म्हणते. लोकांपर्यंत पोचायला त्यांना कुणाच्या मोठ्या गुंतवणुकीची गरज नसते, त्यामुळे मक्तेदारी देऊन काहीच मिळत नाही आणि अडथळा मात्र तयार होतो.

तुमची चाचणी या वर्गात बसत नाही. रुग्णालयात वापरण्याआधी ती वेगवेगळ्या ठिकाणच्या हजारो बाळांच्या नमुन्यांवर सिद्ध करावी लागेल. नियामकाची मंजुरी लागेल. प्रत्येक बॅच आधीच्या बॅचसारखीच निघेल अशी उत्पादनव्यवस्था उभी करावी लागेल. अनुदान देणाऱ्या संस्था या टप्प्याला सहसा हात लावत नाहीत. इथे पैसे घालणारा विचारणारच, ‘मी सगळं सिद्ध करून दिल्यावर दुसऱ्याने तेच स्वस्तात काढलं तर माझं काय?’ हा प्रश्न लोभातून आलेला नाही. त्याला उत्तर दिलं नाही, तर शोध निबंधात छापला जातो आणि बाळांपर्यंत पोचत नाही.

पेटंट न घेतल्याने गोष्ट आपोआप सार्वजनिक राहते असंही नाही. ऑक्सफर्डमधल्या हॉवर्ड फ्लोरी यांच्या गटाने पेनिसिलिनवर पेटंट घेतलं नाही. मग मोठ्या प्रमाणावर ते तयार करण्याच्या पद्धतींवर अमेरिकेत पेटंटं घेतली गेली आणि ब्रिटिश उत्पादकांना त्यांचे पैसे मोजावे लागले. हा सल ब्रिटनमध्ये इतका टिकला, की सार्वजनिक संशोधनातले शोध सांभाळायला वेगळं महामंडळ काढण्याचा कायदा १९४८ मध्ये झाला, त्यामागे ही आठवण होती. टोरांटोत याच्या उलट घडलं. तिथे इन्सुलिनचं पेटंट १९२३ मध्ये संशोधकांनी प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाकडे सोपवलं. दुसऱ्या कुणी ते बळकावू नये आणि बाजारात येणाऱ्या इन्सुलिनचा दर्जा विद्यापीठाला तपासता यावा, हा हेतू होता. एलाय लिली कंपनीला सुरुवातीला मक्तेदारी दिली, कारण मोठ्या प्रमाणावर उत्पादन विद्यापीठाला जमत नव्हतं. पण ती एका वर्षाची होती. वर्ष संपल्यावर इतरांना परवाने दिले गेले. तुमच्याकडे आलेली कंपनी पेटंटची संपूर्ण मुदत, म्हणजे जवळपास वीस वर्षं मागते आहे.

कंपनीने एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे फक्त तिच्या एकटीसाठीचा, परवाना मागितला की मी तिला विचारते, तो मिळाला नाही तर नेमकं कोणतं काम तुम्ही करणार नाही, त्याला किती खर्च आहे आणि किती महिने लागतील? हे तिने कागदावर लिहून द्यायचं. ‘बाजाराची खात्री हवी’ हे उत्तर मी मानत नाही. ‘तीन देशांत चाचण्या, इतका खर्च, अडीच वर्षं’ हे मानते. असं उत्तर मिळालं, की त्या कामापुरती, त्या क्षेत्रापुरती आणि तेवढा खर्च वसूल व्हायला लागेल तितक्या वर्षांपुरती मक्तेदारी द्यावी. बाकी सगळं विद्यापीठाकडे राहावं.

यातली दोन टोकं डोळ्यांसमोर ठेवा. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं कोहेन-बॉयर पेटंट म्हणजे एका जीवाचा डीएनए दुसऱ्यात घालण्याची मूळ पद्धत. ती कुणा एका कंपनीला दिली असती, तर सगळा जैवतंत्रज्ञान उद्योग एका दारातून गेला असता. त्यांनी ती मागेल त्याला, सुरुवातीला वर्षाला १०,००० डॉलर अशा माफक शुल्कात दिली. विद्यापीठांमधल्या संशोधनासाठी ते शुल्कही नव्हतं. १९९७ मध्ये पेटंट संपेपर्यंत ४६८ कंपन्यांनी परवाने घेतले होते आणि एकूण उत्पन्न सुमारे २५.५ कोटी डॉलरपर्यंत गेलं. सगळ्यांना दिलं म्हणून विद्यापीठाचं नुकसान झालं नाही.

दुसरं टोक मिरियड जेनेटिक्सचं. स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका दाखवणारी बीआरसीए जनुकं शोधण्यात युटा विद्यापीठ आणि सरकारी निधी यांचा वाटा होता. पण तपासणीचे हक्क अमेरिकेत एकाच कंपनीकडे गेले. तिने विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांनाही ही तपासणी थांबवायला लावली. चाचणीची किंमत ३,००० डॉलरच्या पुढे गेली. निकाल खरा आहे का, हे दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेण्याची सोय बाईला राहिली नाही. आणि ही तपासणी अशी होती, की जनुकाचा क्रम कळल्यावर कितीतरी प्रयोगशाळा ती करू शकत होत्या, करतही होत्या. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गात आहे तसं जनुक पेटंट करता येत नाही असा निकाल दिला आणि त्याच दिवशी इतर प्रयोगशाळांनी आपली चाचणी जाहीर केली. मधल्या वर्षांत ज्यांना दुसरं मत मिळालं नाही, त्यांचं काय? तुमचा शोधही निदानाचाच आहे, म्हणून हे उदाहरण गटात सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं.

आता कलमांकडे. इथे जरा थांबून वाचा, कारण माझ्या कामाचा बहुतेक वेळ इथेच जातो.

पहिलं, उपयोगाचं क्षेत्र. कंपनीने ‘सगळे उपयोग’ मागितलेत. तिला नवजात बाळांच्या चाचणीत रस आहे ना? मग मक्तेदारी तेवढ्याचीच द्या. हेच तंत्र मोठ्या माणसांच्या जखमांसाठी किंवा जनावरांच्या आजारासाठी चालणार असेल, तर ते हक्क तुमच्याकडे ठेवा. न वापरायचं क्षेत्र कंपन्या सवयीने मागून ठेवतात आणि ठाम राहिलात तर सोडूनही देतात. क्षेत्र ठरवताना नको ते उपयोग बाहेर ठेवता येतात, हेही लक्षात असू द्या. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राच्या शेतीतल्या वापराचा परवाना मोन्सँटो या बियाणं कंपनीला दिला, तेव्हा जीन ड्राइव्ह (एखादं जनुक सगळ्या प्रजातीत पसरवणारं तंत्र), पुन्हा न उगवणारं बियाणं आणि धूम्रपानाची तंबाखू यांना त्यात मनाई होती. परवान्यात नैतिक अट बसत नाही, असं वकील सांगतात तेव्हा मी हे पुढे करते.

दुसरं, टप्पे. ‘कंपनी योग्य ते प्रयत्न करील’ हे वाक्य करारात असलं काय आणि नसलं काय, सारखंच. त्याऐवजी तारखा लिहा. अमुक महिन्यापर्यंत पहिली क्लिनिकल चाचणी सुरू, अमुक वर्षापर्यंत मंजुरीचा अर्ज, मंजुरीनंतर इतक्या महिन्यांत इतक्या देशांत उपलब्ध. टप्पा चुकला तर मक्तेदारी आपोआप संपेल आणि साधा, म्हणजे इतरांनाही देता येणारा, परवाना उरेल. ‘आपोआप’ हा शब्द सोडू नका. तो नसला तर प्रत्येक वेळी विद्यापीठाला भांडण काढावं लागतं आणि विद्यापीठं भांडण काढत नाहीत. स्पर्धक उत्पादन वाचवण्यासाठी कंपनीने शोध विकत घेऊन फडताळात ठेवला, असे प्रकार होतात. त्यावर माझ्या माहितीत हाच एक इलाज आहे.

तिसरं, संशोधनाचा हक्क. तुम्ही स्वतः आणि कुठलीही ना-नफा संशोधन संस्था हे तंत्र संशोधनासाठी वापरू शकेल, नमुने आणि अभिकर्मकं (चाचणीत लागणारी रसायनं) एकमेकांना देऊ शकेल. हे लिहून घ्यावंच लागतं, ते गृहीत धरता येत नाही. संशोधनासाठी कर्करोग होईल असा घडवलेल्या हार्वर्डच्या उंदराचे हक्क ड्यूपाँटकडे गेले, तेव्हा प्रयोगशाळांवर इतकी बंधनं आली, की अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला १९९९ मध्ये कंपनीशी वेगळा समझोता करावा लागला. २००७ मध्ये अमेरिकेतल्या काही आघाडीच्या विद्यापीठांनी परवाने देताना पाळायचे नऊ मुद्दे एकत्र जाहीर केले, त्यातला पहिलाच मुद्दा हा होता. प्रबंध आणि शोधनिबंधांचंही इथेच ठरवून टाका. पेटंटचा अर्ज करण्यासाठी दोन-तीन महिन्यांचा उशीर ठीक आहे. त्यापुढे विद्यार्थ्याचा प्रबंध कुणीही अडवू नये.

चौथं, प्रदेश. ज्या गरीब देशांत कंपनीला विक्रीची आशाच नाही, तिथे पेटंटचा अर्ज करूच नका, किंवा केला तर तो तिथल्या उत्पादकाविरुद्ध वापरणार नाही असं लिहून घ्या. हे कलम नसलं तर काय होतं, ते येल विद्यापीठाला कळलं. एचआयव्हीवरच्या स्टॅव्ह्युडिन या औषधाचं पेटंट येलचं होतं आणि परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विबचा. २००१ मध्ये ‘मेदसँ साँ फ्राँतिए’ या डॉक्टरांच्या संघटनेने दक्षिण आफ्रिकेत स्वस्त औषध आणू द्या म्हणून विचारलं, तेव्हा विद्यापीठाचं पहिलं उत्तर होतं, की हक्क कंपनीकडे आहेत, आमच्या हातात काही नाही. करार पाहता ते खरंच होतं. मग विद्यार्थी उठले, औषधावर काम करणारे प्राध्यापक विल्यम प्रुसॉफ यांनी वृत्तपत्रातून जाहीरपणे बाजू घेतली, आणि कंपनीने दक्षिण आफ्रिकेत पेटंट लावणार नाही असं सांगितलं. हे चांगलंच झालं. पण ते जनमताच्या रेट्याने झालं, आणि असा रेटा प्रत्येक औषधामागे उभा राहत नाही.

पाचवं, मालक बदलला तर. छोटी कंपनी वाढली, की तिला मोठी विकत घेते. अटी नव्या मालकाला आणि कंपनीने पुढे दुसऱ्यांना दिलेल्या प्रत्येक उपपरवान्याला जशाच्या तशा लागू राहतील, हे एक वाक्य नसलं तर वरची चारही कलमं विक्रीच्या दिवशी निकामी होऊ शकतात.

किंमत मी मुद्दाम वेगळी काढली आहे, कारण त्यावर सगळ्यात जास्त भावना आणि सगळ्यात कमी स्पष्टता असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९८९ मध्ये कंपन्यांबरोबरच्या करारांत ‘किंमत वाजवी असावी’ अशी अट घातली. कंपन्या संयुक्त कामापासून दूर राहू लागल्या आणि १९९५ मध्ये ती अट काढली गेली. यावरून अनेक जण म्हणतात, किंमतीची अट चालतच नाही. मला हे पटत नाही. तिथे अडचण संदिग्धपणाची होती. ‘वाजवी’ म्हणजे किती, ते कोण ठरवणार आणि केव्हा, हे कुणालाच माहीत नव्हतं. कुठलाही गुंतवणूकदार अशा वाक्याला घाबरणारच.

आफ्रिकेतल्या मेनिंजायटिसच्या लसीचं उदाहरण घ्या. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही ना-नफा आरोग्य संस्था यांनी प्रकल्प सुरू केला, तेव्हा आफ्रिकी देशांनी आधीच सांगितलं होतं, की डोस ५० सेंटच्या आत असेल तरच परवडेल. लसीतले घटक एकमेकांना जोडण्याचं तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतलं होतं. सीरम इन्स्टिट्यूटला ते मिळालं तेच या आकड्यासकट. २०१० च्या डिसेंबरमध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झालं, पुढे ३० कोटींहून जास्त लोकांना ती लस मिळाली आणि ‘ए’ गटाच्या मेनिंजायटिसच्या साथी तिथून जवळपास नाहीशा झाल्या. आकडा पहिल्या दिवसापासून माहीत असल्याने कंपनीने कारखाना त्या हिशोबाने उभारला.

म्हणून तुमच्या करारात लिहा, की सार्वजनिक रुग्णालयांना उत्पादनखर्च अधिक ठरावीक टक्के या दराने पुरवठा होईल, वर्षाला किमान इतके संच मिळतील आणि खर्चाचा हिशोब त्रयस्थ लेखापाल तपासेल. खासगी आणि श्रीमंत बाजारात कंपनीने काय घ्यावं, यात पडू नका. तिची वसुली तिथूनच होणार आहे.

शब्दांची व्याख्याही तिथल्या तिथे करा. कोविडच्या काळात ऑक्सफर्डची लस ॲस्ट्राझेनेकाकडे गेली ती ‘साथ असेपर्यंत नफा नाही’ या वचनावर. त्या वचनामुळे कोट्यवधी डोस ना-नफा दराने गेले, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण कंपनीने नोव्हेंबर २०२१ मध्ये माफक नफ्याकडे वळत असल्याचं सांगितलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं ते ५ मे २०२३ रोजी. साथ कधी संपते हे कोण ठरवणार, ही गोष्ट सगळ्यांना दिसेल अशी आधीच लिहिलेली असती, तर वाद झाला नसता.

‘सरकारी पैसा आहे, गरज पडली तर सरकार हस्तक्षेप करील’ असं तुमच्या गटात कुणी म्हणत असेल, तर त्यावर विसंबू नका. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने विद्यापीठांना सरकारी निधीतल्या शोधांची मालकी दिली आणि लोकांची गरज भागत नसेल तर सरकारने इतरांना परवाना देण्याची तरतूदही ठेवली. किंमतीच्या तक्रारीवरून तिथल्या आरोग्य संस्थेने ती एकदाही वापरलेली नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं एन्झाल्युटामाइड हे औषध लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सरकारी पैशातून निघालं. अमेरिकेत त्याची किंमत इतर श्रीमंत देशांपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून रुग्णांनी अर्ज केला. मार्च २०२३ मध्ये तो फेटाळला गेला. कारण दिलं गेलं, की औषध बाजारात उपलब्ध आहे. त्याच औषधाच्या रॉयल्टीचे हक्क विद्यापीठ आणि इतर हक्कदारांनी २०१६ मध्ये १०० कोटी डॉलरहून जास्त रकमेला विकले होते.

विद्यापीठाच्या पैशाबद्दल मी स्पष्ट बोलते. इतकी रक्कम फार थोड्या शोधांना मिळते. बहुतेक विद्यापीठांच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयाचा स्वतःचा खर्चही परवान्यांतून निघत नाही. त्यामुळे रॉयल्टीतला एखादा टक्का वाढवून घेण्यासाठी पुरवठ्याच्या दराचं कलम सोडून देणं हा तोट्याचा सौदा आहे. मी नेहमी उलट करते. टक्का आधीच कमी मागते आणि त्या बदल्यात कलमं घेते. कंपनीच्या वित्तविभागाला ते लगेच पटतं.

संशोधकांना वाटा मिळू नये असं मात्र मी म्हणत नाही. नॉर्वेने २००३ मध्ये शोधांची मालकी प्राध्यापकांकडून काढून त्यांना उत्पन्नाचा फक्त एक तृतीयांश वाटा ठेवला, तेव्हा विद्यापीठांतून निघणारे स्टार्टअप आणि पेटंटं जवळपास निम्म्यावर आली. वाटा द्या, पण ज्याचे कंपनीत शेअर आहेत त्याने विद्यापीठाच्या बाजूने वाटाघाटीला बसू नये, आणि चाचणी खरी ठरते का हे तपासणाऱ्या अभ्यासाचं नेतृत्वही करू नये. तुमच्या गटप्रमुखांना कंपनीने सल्लागारपद देऊ केलं असेल, तर ते आजच लेखी जाहीर करायला सांगा.

आता या आठवड्यात काय करायचं. कंपनीने दिलेल्या मसुद्यावर सही करू नका आणि नकारही देऊ नका. त्याऐवजी सहा महिन्यांचा ऑप्शन करार पुढे करा. ती मुदत संपेपर्यंत तुम्ही इतर कुणाशी बोलणार नाही, कंपनी त्यासाठी थोडी रक्कम देईल, आणि तेवढ्या काळात ती विकासाचा आराखडा लेखी सादर करील, टप्प्यांच्या तारखा, खर्च आणि सार्वजनिक रुग्णालयांसाठीचा दर यांच्यासह. याच सहा महिन्यांत सरकारी रुग्णालयातल्या नवजात विभागाच्या डॉक्टर आणि परिचारिकांना बसवून विचारा, की किती रुपयांची, किती मिनिटांत निकाल देणारी आणि वीज गेली तरी चालणारी चाचणी त्यांना खरोखर वापरता येईल. त्यांनी सांगितलेले आकडे अंतिम कराराच्या पहिल्या परिशिष्टात जायला हवेत. आराखडा द्यायलाच कंपनी तयार नसेल, तर सातव्या महिन्यात तुम्ही दुसऱ्या उत्पादकाकडे जायला मोकळे असाल, आणि तोवर पेटंटचा अर्ज तुमच्याच नावावर असेल.